बिनआवाजाचा खो

अंबादास अण्णांना 'नाही' म्हणणं आमच्या भागात कोणालाच जमलं नाही. लोक याचं श्रेय त्यांच्या गोड स्वभावाला देत. स्वभाव गोड होताच, पण खरं कारण वेगळं होतं. अण्णांना 'नाही' ऐकूच यायचं नाही. तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करण्यात, काढल्यावर त्यांचे दोन्ही कान कामातून गेले होते. त्यांना तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तीन भाषा येत आणि तिन्ही ऐकू येत नसत. समोर उभं राहून, तोंड नीट हलवून बोललं तर ओठांवरून ते बरंचसं समजून घेत. 'नाही' हा शब्द मात्र ओठांवरूनही त्यांनी कधी समजून घेतल्याचं मला आठवत नाही.

मी एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या कारखान्यांना खेटून आमचं घर आहे. आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाकडे एक मोकळा प्लॉट आहे आणि त्या प्लॉटवर रोज संध्याकाळी साडेपाचला अण्णा मुलामुलींना खो-खो शिकवत. ही जबाबदारी त्यांनी मंडळाकडून मागून घेतली होती, कारण दुसऱ्या कोणालाच ती नको होती. एका रविवारी ते तीन मुलींना घेऊन आमच्या दारात आले.

"बाई, पोरींचा संघ काडलाय. बाहेरगावी जायचं तर संगं एक लेडीज पायजे म्हनत्यात."

मी त्यांना न जमण्याची तीन कारणं दिली. नोकरी, घर आणि तिसरं म्हणजे मी जन्मात कधी पळालेले नाही. अण्णांनी तिन्ही कारणं माझ्या तोंडाकडे बघत, मान डोलावत, अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतली, निदान मला तसं वाटलं.

"बराबर," ते म्हणाले. "मग उद्या साडेपाचला या की."

अशा रीतीने मी मुलींच्या खो-खो संघाची व्यवस्थापक झाले. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की मंडळाचा खजिनदार, गणपतीचा मूर्तिकार आणि आमच्या वॉर्डचा पाणी सोडणारा माणूस हे सगळे याच पद्धतीने त्या त्या कामाला लागलेले होते.

'बराबर' हा अण्णांचा हुकमी शब्द. कुणी काहीही बोललं की बराबर. पाऊस येणार म्हटलं तरी बराबर, येणार नाही म्हटलं तरी बराबर. सुरुवातीला मला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे! महिनाभराने पद्माने मला बाजूला घेऊन सांगितलं. पद्मा म्हणजे संघातली सगळ्यात अबोल मुलगी. तिने आपणहून बोलावं हीच मोठी गोष्ट.

"बाई, अन्नास्नी समोर हुबं राहून बोला. मागून बोललं की ते गेलं."

सगळ्या मुलींना हे माहीत होतं. गल्लीलाही थोडा अंदाज असावा, पण आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या निम्म्या पुरुषांचं असंच असल्यामुळे याला कोणी आजार समजत नाही. अण्णांच्या शिट्टीतला मणी कधीतरी पडून गेला होता. त्यांनी शिट्टी फुंकली की तिच्यातून नुसती हवा जायची. त्यांना त्याचा पत्ता नव्हता आणि मुलींनी तो लागू दिला नाही. अण्णांचे गाल फुगलेले दिसले की बाराच्या बारा जणी जागच्या जागी थांबत. एवढी शिस्त मी खणखणीत शिट्टी असलेल्या संघांतही पाहिलेली नाही.

त्यांचं शिकवणंही सगळं मागावरून आलेलं. "संघ म्हंजे काय? माग हाय. एक धागा तुटला की माग बंद." हे नुसतं बोलणं नव्हतं. एक जरी मुलगी आली नाही, तरी सराव सुरू व्हायचा नाही. अकरा जणींना प्लॉटवर बसवून अण्णा सायकल काढत आणि बाराव्या मुलीच्या घरी जात. त्यामुळे साडेपाचचा सराव पावणेसातच्या आधी क्वचितच सुरू झाला. मी एकदा सुचवलं, की येतील त्यांना घेऊन सुरू करू या. त्यांनी ते बराबर म्हणून मान्य केलं आणि सायकलवर टांग टाकली.

एकदा पद्मा आली नाही म्हणून त्यांच्यासोबत मीही गेले. पद्माची आई विड्या वळते. घरात शिरलो तेव्हा माय-लेकी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आईने स्पष्ट सांगितलं, "आज हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय पोरगी येनार न्हाय." अण्णा म्हणाले, "बराबर," आणि खाली बसले. त्यांनी एक सूप ओढून घेतलं आणि विड्यांना दोरा बांधायला लागले. आता मागाचा तुटलेला धागा जोडणारी बोटं आणि विडीला दोरा बांधणारी बोटं यांत बराच फरक आहे. पहिल्या दहा विड्या बघितल्यावर पद्माच्या आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. तिसाव्या विडीला ती हात जोडून म्हणाली, "अन्ना, हिला घिऊन जावा, पन तेवडं सूप खाली ठिवा." त्या तीस विड्या तिने नंतर सोडून पुन्हा बांधल्या, हे मला पद्माने सांगितलं. अण्णांची मात्र समजूत अशी होती, की आपण घरकामात हातभार लावल्यामुळे आईचं मन वळलं. पुढेही त्यांनी दोन-तीनदा मदतीची तयारी दाखवली. त्या घरातून पद्मा त्यानंतर साडेपाचच्या आधीच बाहेर पडायला लागली.

ऐकू येत नाही हे अण्णांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं ते फार उशिरा, आणि तेही मंडळातल्या कोणाला सांगणार नाही अशी शपथ घालून. त्यांना भीती होती ती शालीची. आमच्या मंडळात कोणाला थेट काढत नाहीत. अण्णांच्या बऱ्याच आधी व्यायाम घेणारे एक गुरुजी होते. त्यांचे गुडघे धरले, तशी अध्यक्षांनी त्यांना शाल आणि श्रीफळ देऊन 'ज्येष्ठ मार्गदर्शक' केलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी प्लॉटवर आले तर तिथे दुसराच माणूस उभा.

"बाई, शाल आली की संपलं बगा," अण्णा म्हणाले. "मला काय बी द्या म्हनावं, तेवडी शाल नगं. या पोरी सोडून मला काय हाय?"

त्यांच्या बायकोला जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगा टेंभुर्णीला.

दुसऱ्या वर्षी आम्ही कुर्डुवाडीच्या स्पर्धेला गेलो. पॅसेंजरने. मुलींचा हा पहिलाच सामना होता, तोही सोलापूरच्या बाहेर, आणि अण्णांनी सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या रेल्वेत दोनदा तपासल्या. तयारी अशी होती, की आमच्या मुली पळायला लागल्या की डोळे त्यांच्या मागे धावत थकत. जिंकणार यात मला शंका नव्हती. अण्णांना तर नव्हतीच, कारण शंका कोणी बोलून दाखवली असती तरी त्यांच्यापर्यंत पोचली नसती.

गावाबाहेरच्या एका शाळेचं मैदान. चारी बाजूंना ज्वारीचं रान, वाऱ्याशिवाय कसला आवाज नाही. आमचं आक्रमण सुरू झालं. पद्माने पाठीमागून रेणुकाच्या पाठीला हात लावला, रेणुका उठून पळाली आणि पंचांची शिट्टी वाजली. फाउल. परत खो दिला, परत फाउल. फाउल झाला की पळणारीला उलट फिरावं लागतं आणि तेवढ्यात समोरच्या मुली दम खाऊन घेतात. पहिल्या दोन मिनिटांत सात फाउल झाले. मुली गोंधळल्या. अण्णा एकदम लालबुंद होऊन पंचांच्या अंगावर गेले.

"काय चुकलं त्यंचं? पाटीवर हात बराबर लागला! मी डोळ्यानं बगितलं!"

पंच भला माणूस होता. तो अण्णांच्या समोर उभा राहून, शब्द सुटा करून म्हणाला, "काका, हात लागतो. पण तुमच्या मुली 'खो' म्हणतच नाहीत. ऐकू आला पाहिजे ना?"

अण्णांनी मुलींकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाई, तुमाला तरी ऐकू येत हुता का?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या प्लॉटच्या भिंतीला लागून कारखाना आहे. पलीकडे चाळीस माग दिवसभर खडखडतात. तिथे बोंब मारली तरी शेजारच्याला ऐकू येत नाही. मुलींनी पहिल्या आठवड्यातच ओरडणं सोडून दिलं होतं. त्या हात लावत, तोंड उघडत, ओठांनी 'खो' करत, आणि बसलेली मुलगी स्पर्शावर उठे. अण्णा ओठ बघत आणि म्हणत, बराबर! दोन वर्षं हाच सराव. त्या मुली खो-खो बिनआवाजाचा खेळ म्हणून शिकल्या होत्या आणि त्यात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नसावं.

आणि माझं काय? माझे कान तर शाबूत होते. पण मी वीस वर्षं 'शांतता राखा' अशा पाटीखाली बसून नोकरी केलेली बाई. आपल्या मुली इतर मुलींसारख्या किंचाळत नाहीत, याचं मला कौतुक होतं. एकदा तर मी तसं त्यांच्या आयांना सांगितलंही होतं.

"नाही," मी अण्णांना म्हणाले. हे 'नाही' मात्र त्यांना कळलं. मध्यंतरात त्यांनी मुलींना गोळा करून ओरडायला सांगितलं, पण घरात, शाळेत, गल्लीत जन्मभर हळू बोल म्हणून दटावलेल्या मुलींच्या गळ्यातून आवाज पाच मिनिटांत निघत नाही. आम्ही एक डाव आणि तेरा गुणांनी हरलो. परतीच्या गाडीत अण्णा दारापाशी उभे होते, बाहेर तोंड करून, म्हणजे कोणाला त्यांच्याशी बोलता येऊ नये.

मंडळाची बैठक त्याच आठवड्यात संध्याकाळी भरली. मुली बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. अध्यक्षांनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता आणि ते मोबाइलमध्ये बघत बोलत होते. ही त्यांची सवय. बोलताना समोरच्याकडे बघितलं तर पदाचं वजन कमी होतं असं त्यांना वाटत असावं. त्यामुळे ते काय म्हणताहेत हे अण्णांना दिसत नव्हतं. अण्णा आपले हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत बसले होते.

"पोरींच्यात दमच न्हाय," अध्यक्ष म्हणत होते. "खेळात साधा आवाज काडता येत न्हाय म्हंजे काय? मंडळाचं नाव गेलं. पोरींचा संघ बंद करू. त्या प्लॉटवर पोरांसाटी जिम टाकू, पत्र्याची शेड मारून. कसं अंबादासअन्ना?"

"बराबर," अण्णा म्हणाले.

मी पर्समधून कागद काढला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मुलींचा संघ बंद करताहेत. म्हणतात, मुलींत दम नाही.' आणि अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. चष्मा पुसून परत वाचला. आणि उभे राहिले.

मी मनात म्हटलं, नका बोलू अण्णा. मला खरंच तसं वाटलं. ते गप्प बसले असते तर दोष मुलींच्या गळ्यावर गेला असता आणि त्यांना मुलांचा संघ तरी उरला असता.

"पोरींचं काय बी चुकलं न्हाय," ते म्हणाले. त्यांना आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नसे, त्यामुळे ओट्यावरच्या मुलींनाही ते ऐकू गेलं. "मला ऐकू येत न्हाय."

अध्यक्षांनी मोबाइलमधून मान वर न काढताच काहीतरी विचारलं.

"अध्यक्ष, हिकडं बगून बोला की. त्येच तर सांगतोय, ऐकू येत न्हाय म्हून."

अध्यक्षांनी वर बघितलं. "कवापासून?"

"धा-बारा वर्सं झाली. पोरी वरडत्यात का न्हाय, ते मला कळलंच न्हाय. मी शिकवलं तसं त्या खेळल्या. चूक माजी हाय. पोरींना त्या कारखान्यापासनं लांब, म्हापालिकेच्या शाळेच्या मैदानावर न्या, शिकवनारा दुसरा आना. मला काडा. संघ ठिवा."

माझ्या शेजारचा खजिनदार एकदम दुसरीकडे बघायला लागला. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल आणि म्हणेल, अण्णा, असं कसं. मीही उठले नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

अध्यक्षांना मात्र हायसं वाटलं असावं. त्यांच्या पुतण्याने नुकताच शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला होता. सगळा निर्णय चार मिनिटांत झाला. मंडळाच्या कपाटात दोन शाली कायम असतात, प्रसंग सांगून येत नाही म्हणून. त्यातली एक निघाली. नारळ जवळच्या दुकानातून आला. टाळ्या झाल्या आणि अंबादास अण्णा 'ज्येष्ठ मार्गदर्शक' झाले. गणपतीच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो लागला, गेलेल्या सभासदांच्या रांगेच्या बरोबर शेजारी.

बाहेर आल्यावर त्यांनी शाल काढून पद्माच्या खांद्यावर टाकली. "आईला दे, थंडीला हुईल." मुली रडत होत्या. अण्णा त्यांना म्हणाले, "रडाय काय झालं? रडतानी तोंड उगडताय, तर आवाज बी काडा."

नवा कोच टी-शर्ट आणि स्टॉपवॉच घेऊन यायचा. वाईट नव्हता मुलगा, पण सायकल काढून कोणाच्या घरी जाणं त्याच्या कोर्समध्ये नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. शाळेच्या मैदानावर शांतता होती. तिथे मी, आयुष्यभर लोकांना गप्प करत आलेली बाई, बारा मुलींना ओरडायला शिकवत होते. दोघींच्या आया तक्रार घेऊन आल्या, की पोरी घरातही ओरडून बोलतात, लग्नाचं कसं व्हायचं. मी समोर उभी राहून म्हणाले, "बराबर." आता या शब्दाचा उपयोग मला चांगला कळला होता. एकेकीचा गळा सुटत गेला. पद्माचा सोडून. तिचा 'खो' म्हणजे नुसता श्वास. कोचने तिला राखीव खेळाडूंत टाकलं.

अण्णा रोज सव्वापाचला येत. फक्कीची बादली घेऊन मैदानावर पांढऱ्या रेघा मारत. "रेघेला कान लागत न्हाय," एवढंच म्हणत. साडेपाचला कोच आला की बादली ठेवून निघून जात. कुठल्याशा शिबिरात त्यांना कानाचं मशीन मिळालं होतं, पण त्यातून माणसांचा आवाज भांडी घासल्यासारखा येतो म्हणून ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं. सरावाला थांबा, असं मी एकदा म्हणाले. हे 'थांबा' मात्र त्यांना ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षीची स्पर्धा सोलापुरातच झाली. त्यानंतर महिन्याभरातच अण्णा टेंभुर्णीला मुलाकडे राहायला गेले, त्यामुळे त्यांच्या शेजारी मी बसले ते तेव्हा शेवटचं.

ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची होती. ती त्यांनी उचलून माझ्याजवळ आणली आणि अशी ठेवली, की अर्धं मैदान दिसेल आणि अर्धी मी. आमचं आक्रमण सुरू झालं. खो, खो, खो! पंचांचा हात एकदाही वर गेला नाही.

"बाई, आवाज येतोय न्हवं?"

"येतोय."

"लांब जातोय?"

"पार रस्त्यापर्यंत."

त्यांनी खुर्ची आणखी माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "कसाय?"

"मोठा आहे."

"मोटा हाय ते पंचाकडं बगून कळालं. कसाय, ते सांगा. रेणुकाचा कसाय?"

कोणती मुलगी कुठल्या पायावर आधी वळते, कोणाला कधी धाप लागते, कोण उपाशी आली आहे, हे सगळं त्यांना माहीत होतं. त्यांतल्या एकीचाही आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि तीन वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"घोगरा आहे," मी म्हणाले. "सर्दी झाल्यासारखा."

"असनार!" अण्णा खूश झाले. "तिची आई आमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला हुती. तिचा बी तसाच हुता. तवा मला ऐकू यायचं. आन भाग्यश्रीचा?"

"बारीक. शेवटी एकदम वर चढतो."

त्यांनी मान हलवली, काहीतरी जुळल्यासारखी. एकेक करत त्यांनी सगळ्यांचं विचारलं आणि मी सांगत गेले. मध्ये एका मुलीचा पाय मुरगळला आणि कोचने, दुसरी कोणी उरली नव्हती म्हणून, पद्माला आत पाठवलं. ती आमच्याकडे पाठ करून सातव्या चौकोनात जाऊन बसली.

"आन पद्माचा?" अण्णांनी विचारलं.

मला सांगता येईना. पद्माचा 'खो' मीही अजून ऐकला नव्हता. तेवढ्यात भाग्यश्रीने तिला खो दिला. पद्मा उठली, खांबाला वळसा घालून आली. समोरची मुलगी हुकली. आता तिला पुढे खो द्यायचा होता. तिने हात उचलला.

"थांबा अण्णा, आत्ता देईल ती," मी म्हणाले. "ऐकते आणि सांगते."

"मग बोलू नका. नीट ऐका," अण्णा म्हणाले, आणि मला नीट ऐकू यावं म्हणून स्वतःही गप्प बसले.